दोन-दोन तासांचा न्याय

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकलो आहे, उरलेलं वाकणं मनातल्या मनात केलं असं समज).

पत्राला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. किती उशीर, ते मी मोजलं आहे. तुझं कार्ड येऊन आज सतरा दिवस झाले आणि तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चौदा. मी आलो नाही, आणि येत नाही असंही कळवलं नाही. का, ते पुढे लिहितो, पण तिथवर पोचण्याआधीच रागावून पत्र बाजूला ठेवू नकोस. (सूनबाई, पत्र तूच वाचून दाखवत असशील, कारण डॉक्टरांनी ताईला महिनाभर वाचायला मनाई केली असणार. तुझे उपकार आहेत. एवढंच कर, कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नकोस. हा कंसातलाच आहे.) डोळा कसा आहे? पाणी येतं का? खुपतं का? उजेडाकडे बघवतं का? खाली वाकू नकोस, जड उचलू नकोस, आणि ठसका लागेल असं काही खाऊ नकोस. हे सगळं मला आमच्या गल्लीतल्या कंपाउंडरनं सांगितलं. त्यानं स्वतः कुणाचा डोळा कापलेला नाही, पण दाराबाहेर बसून पुष्कळ ऑपरेशनं ऐकली आहेत. इकडे तुझी भावजय ठीक आहे. माझं पोट ठीक नाही, पण त्याचं कारण पोटात नसून कारखान्यात आहे, आणि तेच सांगायला बसलो आहे.

तुला माहीतच आहे, आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं पुस्तकांना खळ लावतो. खळ लावणाऱ्याला काळजी नसते असं नाही (खळ जरा पातळ झाली तरी मला जेवण जात नाही), पण ती काळजी वाटीभर असते आणि चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला तेवढी पुरते. हजारो पुस्तकं हातून गेली, वाचली मात्र पानांच्या आकड्यांपुरती. असं सुखात चाललेलं असताना मालकीणबाईंच्या लेकीला जुळं होणार असं कळलं आणि बाई पाच आठवड्यांसाठी तिच्याकडे निघाल्या. एक पाय गाडीत ठेवून मला म्हणाल्या, "आबा, मी येईपर्यंत कारखाना तुमच्याकडे. विशेष काही नाही हो, फक्त सगळ्यांचं बघा." मी म्हटलं, "बाई, मला झेपेल का?" तर म्हणाल्या, "तुम्ही कुणाचं मन मोडत नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतेय." मग दार लावलं, काच खाली केली आणि खरी गोष्ट सांगितली: शहर ग्रंथालयाची दोनशे चाळीस जुनी पुस्तकं नवी बांधून वीस तारखेला पोचली पाहिजेत. त्यांचं वाचनालय एकवीसला पुन्हा उघडणार. काम पसंत पडलं तर पुढची सगळी वर्षं त्यांचं काम आपल्याकडे. नाही पडलं तर पलीकडच्या रस्त्यावर नवीन मशीनवाला बसलेलाच आहे. आम्ही इथे पाच माणसं. ग्रंथालयाचं काम गेलं तर दोघांना पुरेल एवढंच उरतं. हे सांगून बाई हात हलवत गेल्या. मी त्यांची खुर्ची पुसली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. बसलो तिसऱ्या दिवशी.

"सगळ्यांचं बघा" म्हणाल्या होत्या, म्हणून मी सगळ्यांचं बघायला लागलो. आमच्याकडे शिवणाच्या तीन बायका आहेत, त्यांची म्होरकी म्हणजे तोफ (हे नाव मी ठेवलेलं नाही, आणि तिला ते माहीत आहे). कटिंग मशीनवर एक जण आहे, त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तो पाच वर्षांत पाच वाक्यं बोलला असेल. तोफेला खिडकी उघडी हवी, कारण सुईत दोरा ओवायला उजेड लागतो आणि आमच्या खिडकीला काचेऐवजी पत्रा आहे. मौनीला खिडकी बंद हवी, कारण वाऱ्यानं कापायचे कागद उडतात. बाई असताना हे भांडण कसं मिटायचं ते मी कधी पाहिलंच नव्हतं, माझी पाठ तिकडे असते. मी विचार केला, दोघांचंही मन राहिलं पाहिजे, आणि खिडकी अर्धी उघडली. झालं काय, की उजेड पुरेसा आला नाही आणि वारा मात्र सगळा आला. तोफ म्हणाली, "आबा, अर्ध्या सुईत अर्धा दोरा ओवू का?" मौनीनं उडालेला प्रत्येक कागद उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. दुपारपर्यंत मी कागदांच्या मागे दिसेनासा झालो होतो.

गिऱ्हाइकांचं तेच. एक वकीलसाहेब आहेत, त्यांचे कायद्याचे अठरा जाडजूड खंड आमच्याकडे. ते बोलतात ते कोर्टाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असं. "मला दहा तारखेला पाहिजेत!" म्हणाले, मी हो म्हटलं. एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी स्वतःचं चरित्र स्वतःच लिहून सहा प्रती बांधायला दिल्या आहेत. ते रोज येऊन अर्पणपत्रिका बदलतात. आधी बायकोला होती, मग गुरूंना, मग दोघांना, मग कुणाचं नाव आधी यावरून पुन्हा बायकोला. त्यांनाही मी हो म्हटलं, रोज. कोण काय म्हणालं ते विसरू नये म्हणून एका कागदावर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवत होतो. एकतीस कामं झाली होती. तो सदरा तुझ्या भावजयीनं धुतला. खिशातून लगद्याची गोळी निघाली ती माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "अहो, एकतीस जणांना हो म्हणून आलात. घरी पंखा दुरुस्त करायला सांगितला, तेव्हा तेवढं कसं जमत नाही?" (सूनबाई, हेही वाचू नकोस. पंखा अजून तसाच आहे.)

आता खरा घोळ. आमच्याकडे पुस्तकं दाबायचं मोठं लोखंडी यंत्र आहे, वर चाक असलेलं. ते एकच आहे. पुस्तकाला पुठ्ठा चढवला की खळ ओली असते, म्हणून ते पुस्तक या यंत्रात एक अख्खा दिवस आणि एक रात्र न हलवता दाबून ठेवावं लागतं. मध्येच काढलं तर पुठ्ठा वाळता वाळता वाकतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ताई. बत्तीस वर्षं हे मीच दुसऱ्यांना सांगत आलो आहे. पण त्या खुर्चीत बसल्यावर मला पुस्तकं दिसेनाशी झाली आणि नुसती माणसं दिसायला लागली. ग्रंथालयाची पुस्तकं यंत्रात घातली की डोळ्यासमोर वकील ओरडायचे. वकिलांचे खंड घातले की प्राध्यापक बिचारे दारात उभे दिसायचे. मग मी एक तोड काढली आणि त्या तोडीचा मला फार अभिमान वाटला. दोन तास ग्रंथालय, दोन तास वकील, दोन तास प्राध्यापक. कुणावर अन्याय नाही. पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं, आणि दर दोन तासांनी स्वतः चाक फिरवून एकाची पुस्तकं काढायची, दुसऱ्याची घालायची. तोफ सुई चालवता चालवता म्हणाली, "पुस्तकं आहेत की पाळण्यातली पोरं, आबा, आळीपाळीनं झोका द्यायला?" मी तिला सांगितलं की कारभार म्हटला की सगळ्यांना धरून चालावं लागतं. मौनी वेळापत्रकासमोर उभा राहून ते वाचत होता. बराच वेळ वाचत होता. मला वाटलं, त्याला आवडलं.

तीन दिवसांत साठ पुस्तकं ग्रंथालयाची, अठरा वकिलांची आणि सहा प्राध्यापकांची अशी सगळी पुस्तकं केळ्यासारखी वाकली. न्याय मात्र चोख झाला होता, सगळ्यांची सारखीच वाकली. आणि नेमके त्याच दिवशी, सात तारखेला, ग्रंथपाल काम बघायला आले. हा माणूस इतका हळू बोलतो की त्याच्यासमोर आपल्याला आपला श्वास मोठा वाटतो. त्यांनी एक पुस्तक उचललं, टेबलावर ठेवलं आणि कोपऱ्यावर एक बोट टेकवलं. पुस्तक होडीसारखं हललं. त्यांनी दुसरं ठेवलं, तेही हललं. ते म्हणाले, "हे डुलतंय." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "वीस तारखेला डुलायला नको. नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." एवढंच बोलून गेले. वकिलांसारखे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मागे वळून पाहिलं तर तिघी बायका शिवण थांबवून माझ्याकडे बघत होत्या, आणि तोफ पहिल्यांदाच काही बोलली नाही. तिच्या घरी मिळवणारी ती एकटी आहे.

त्याच दिवशी मी तुला ते रडगाण्याचं पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंतचे चार दिवस मी काय केलं विचारशील, तर तेच केलं, फक्त दोन तासांचे तीन तास केले.

अकरा तारखेला तुझं कार्ड आलं. अक्षर उतरणीला लागलेलं, एक ओळ दुसरीवर चढलेली. डोळ्याला इतकं कमी दिसत असताना तू स्वतःच्या हातानं लिहिलंस, हे मला आधी दिसलं आणि मजकूर मग. तू लिहिलं होतंस: "घाबऱ्या, सगळ्यांना हो म्हणून बसलास ना? आता नाही म्हणायला लाग. पहिल्यांदा जो सगळ्यात जवळचा आहे त्याला नाही म्हण. तो गिळून घेईल. मग लांबच्यांना म्हणणं सोपं जातं. मी तुम्हा पाच भावंडांना वाढवलं ते असंच." आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: "चौदाला डोळ्याचं ऑपरेशन आहे. येशील का?"

मी ते कार्ड बारा वेळा वाचलं. जवळचं कोण, असा विचार केला. बायकोला नाही म्हणायची सोय नाही. मुलगा परगावी, तो काही मागतच नाही. मग बाराव्यांदा कार्ड वाचताना कळलं, की सगळ्यात जवळची तूच, आणि माझ्याकडे काही मागितलंय तेही तूच. चौदाला तुझ्याकडे आलो असतो तर वीस तारीख हातची गेली असती. म्हणजे तुझाच उपदेश आधी तुझ्यावर चालवायचा होता! मी एक कोरं कार्ड घेतलं, "येऊ शकत नाही" एवढे तीन शब्द लिहायचे होते. "येऊ" लिहिलं. पुढे हात चालेना. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, त्यावर नुसतं "येऊ" आहे. ताई, तुला नाही म्हणायचं धाडस झालं नाही म्हणून मी गप्प राहिलो. आई गेल्यावर तू माझं डोकं धुऊन देत होतीस तेव्हा साबण डोळ्यात जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरायचीस. त्या ताईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी गप्प राहिलो. याला नकार म्हणत नाहीत, याला काय म्हणतात ते तूच सांग.

पण तुझं म्हणणं मात्र खरं निघालं. तुला नाही म्हटल्यावर (न म्हटल्यावर) बाकीच्यांची भीतीच उरली नाही. वकीलसाहेब आले, गर्जना केली. मी उभं राहून म्हटलं, "साहेब, तुमचे खंड एकवीसच्या आत यंत्रात जाणार नाहीत. यंत्र एकच आहे आणि ते ग्रंथालयाचं आहे." ते थांबले. खुर्ची ओढून बसले. पाणी मागितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मग हे दहा दिवसांपूर्वीच सांगायचं ना! मी सारख्या चकरा कशाला मारल्या असत्या?" इतक्या हळू आवाजाचा मालक तो माणूस आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. प्राध्यापकांना नाही म्हटलं तर ते चक्क खूश झाले. अर्पणपत्रिकेला आणखी दहा दिवस मिळाले. खिडकीचंही केलं. सकाळी पूर्ण उघडी, तेवढ्या वेळात फक्त शिवण. जेवणानंतर पूर्ण बंद, मग फक्त कटिंग. मौनी म्हणाला, "हेच मी पाच वर्षं म्हणतोय." मी म्हटलं, "अरे, कधी म्हणालास?" तो म्हणाला, "मनात." तोफ हसून हसून खाली बसली.

मग बारा तारखेपासून कामाला लागलो. वाकलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे आतून ओल्या फडक्यानं नरम केले आणि तीस पुस्तकं यंत्रात घातली. एका खेपेला तीसच मावतात, म्हणजे दोनशे चाळीसला आठ दिवस, एकही दिवस इकडचा तिकडे होऊन चालणार नव्हता. चाक आवळलं, आणि तोफ शिवणाचा दोरा सात पदरी करून घेऊन आली आणि तिनं चाक खांबाला बांधून टाकलं. मी विचारलं, "हे कुणासाठी?" म्हणाली, "तुमच्यासाठी. तुमचा हात फार दयाळू आहे." रोज सकाळी तीच गाठ सोडायची आणि नवी तीस घातली की तीच बांधायची. मला गाठीला हात लावायची परवानगी नव्हती. खरं सांगतो, त्या दोऱ्याइतकी शांतता मला कुठल्या औषधानं मिळालेली नाही. कुणी काही मागायला आलं की मी दोऱ्याकडे बोट दाखवायचो.

चौदा तारखेला मात्र माझ्या हातून काही झालं नाही. खळीत पाणी जास्त घातलं, मग पीठ जास्त घातलं. तोफेनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे? आमच्यासाठी?" त्या दिवशी तिघींनी माझ्या वाटणीची खळ लावली. सतराला सूनबाईचं दोन ओळींचं पत्र आलं, "ऑपरेशन नीट झालं, काळजी नसावी", आणि मी भर कारखान्यात "झालं!" म्हणून ओरडलो. सगळ्यांना वाटलं ग्रंथालयाचं काम झालं. नंतर खरं कळलं तरी कुणाचा आनंद कमी झाला नाही. सूनबाई, त्या दोन ओळींबद्दल तुझे किती आभार मानू? (हे मोठ्यानं वाच.)

वीस तारखेला ग्रंथालयात ग्रंथपालांनी दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पुस्तकं एकेक करून टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवलं. एकशे नव्वदावं पुस्तक हललं. तोफ पुढे झाली, टेबलाखाली वाकली आणि त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. "साहेब, पुस्तक नाही, तुमचं टेबल डुलतंय." ग्रंथपालांनी पुन्हा बोट टेकवलं. मग ते हसले (आवाज आला नाही, पण दात दिसले) आणि पुढच्या वर्षांच्या कामाच्या कागदावर सही केली. परत येताना आम्ही पाचही जण रस्त्याच्या मधून चालत होतो, बाजूला व्हायचं कुणाला सुचलंच नाही.

परवा मालकीणबाई परत आल्या. दोन नाती झाल्या आहेत. त्या म्हणतात, "आबा, आता मी महिन्यातले पंधरा दिवस तिकडे राहीन. कारभार कायमचा तुम्हीच बघा." मी त्यांना माझं वय सांगितलं, शिक्षण सांगितलं, पोटाचं सांगितलं, आणि आपली खळीची वाटीच बरी असं सांगितलं. तेव्हा हे प्रकरण इथे संपलं. मला आता काही नको. जी माणसं माझ्या अर्ध्या खिडकीखाली गप्प काम करत राहिली त्यांचे उपकार, वकिलांचे उपकार, आणि सगळ्यात जास्त तुझे. तू नसतीस तर मी अजून तीन-तीन तासांनी चाक फिरवत असतो.

सूनबाईला आशीर्वाद. डोळ्याला जप.

तुझा,
घाबऱ्या

ता. क. : पत्र बंद करण्यापूर्वी तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "शेवटचं खोटं कशाला लिहिलंत?" तेव्हा दुरुस्त करतो. वय, शिक्षण, पोट हे सगळं मी बाईंना सांगितलं, पण नाही असं म्हणालो नाही. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "तरी ताईला विचारून सांगतो." त्यांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिला आहे.

आणखी ता. क. : मला ते काम हवं आहे, ताई. हे मी अजून कुणाला बोललो नाही. खळ लावणाऱ्या माणसानं खुर्ची मागायची मला लाज वाटते. तू एका कार्डावर "घे" एवढं लिहून पाठव. मग मी सगळ्यांना सांगेन की मोठ्या बहिणीचा शब्द मोडवत नाही. माझ्यावर रागावली असशील तर ते वेगळ्या कार्डावर लिही, म्हणजे पहिलं मला दाखवता येईल. आणि कारभार माझ्याकडे आला की पहिली रजा मी माझीच मंजूर करणार आहे, आठ दिवसांची, तुझ्याकडे यायला. मौनी चार दिवस सांभाळेल आणि तोफ चार दिवस. (नाही, पहिले आठही दिवस तोफच सांभाळेल. पुन्हा तीच चूक करत होतो.)

शेवटचा ता. क. : शुक्रवारच्या आत कळव. "घे" लिही, "नको" लिही, शिव्या लिही, काहीही चालेल. फक्त गप्प राहू नकोस. ते मी तुझ्याशी केलं. त्यात किती वाईट वाटतं, ते पोस्टमनची वाट बघायला आजपासून बसलो आहे, तर मला आत्ताच कळायला लागलं आहे.